शेक आणि चलन : मनगटात दबलेल्या नसेविषयी

घोड नदीच्या काठच्या शिरूरपासून भीमेकाठच्या दौंडापर्यंत पसरलेल्या या दोन तालुक्यांत हातांच्या बळावर निर्वाह करणाऱ्या माणसांची संख्या इतकी मोठी आहे, की अन्य एखाद्या अवयवाचे दुखणे मनुष्य काही काळ अंगावर काढू शकेल, परंतु बोटांतील पकड गेली म्हणजे त्याच्या घरची चूल, गोठा, शेत आणि मजुरी ही चारही खाती एकदमच तोट्यात जातात. फाल्गुन-चैत्रात उन्हाळी कांदा निघू लागला म्हणजे रानात ओळीने बसून, एका मुठीत कांदा व दुसऱ्या मुठीत विळा धरून दिवसभर पात कापीत जाणाऱ्या स्त्रिया. कार्तिकापासून उसाच्या फडात कोयता चालविणारे तोडकरी. पहाटे आणि सायंकाळी गाईम्हशींच्या धारा काढणारी कुटुंबे. रांजणगाव व सणसवाडी येथील कारखान्यांत जुळणीच्या पट्ट्यापुढे उभे राहून, हवेच्या दाबावर चालणाऱ्या आणि हाताला हादरे देणाऱ्या यंत्रांनी स्क्रू आवळणारे तरुण. आणि या सर्वांच्या घरी दोन्ही वेळा पीठ मळून बाजरीच्या भाकऱ्या थापणाऱ्या गृहिणी, यांचे व्यवसाय परस्परांहून कितीही भिन्न असले, तरी त्यांच्या मनगटावर पडणारा भार एकाच जातीचा असतो: घट्ट मूठ, वाकलेले मनगट आणि त्याच त्या हालचालीची अखंड पुनरावृत्ती.

हातांच्या कामाला या भूमीत प्रतिष्ठाही आहे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले तेव्हा निराश्रित स्त्रियांच्या हाती त्यांनी विणकामापासून छापखान्यातील खिळे जुळविण्यापर्यंतची कामे विश्वासाने सोपविली, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई याच छापखान्यात, याच स्त्रियांच्या श्रमाने झाली. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला, तो प्रत्यक्ष हाताने काम करता करता बुद्धीचा विकास होतो या दृढ श्रद्धेवर. ज्या परिसरात हाताला एवढा मान आहे, त्याच परिसरात हाताच्या एका अत्यंत सामान्य विकाराची हकीकत लोकांना नीट ठाऊक नसावी, आणि त्यापायी पकड कायमची दुर्बल झालेली माणसे तालुक्याच्या बाजारात पावलोपावली भेटावीत, ही गोष्ट मनाला सतत टोचत राहिल्यामुळेच प्रस्तुत पुस्तिकेचा उद्योग हाती घेतला.

हा विकार म्हणजे वैद्यकाच्या परिभाषेतील कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटाच्या तळहाताकडील अंगाला आठ लहान हाडांची एक पन्हळ असते, आणि तिच्या दोन्ही कडांना जोडणारा एक जाड, आडवा अस्थिबंध त्या पन्हळीवर आच्छादन घालतो. या अरुंद बोगद्यातून बोटे व अंगठा मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि त्यांच्या सोबतीने मीडियन नावाचा एक मज्जातंतू, ज्याला आपण सरसकट नस म्हणतो तो, तळहातात उतरतो. तळाशी हाडे आणि माथ्यावर न ताणणारा बंध असल्यामुळे या जागेला फुगण्यास वाव नाही. म्हणून कंडरांवरील आवरण सुजले, शरीरात पाणी साठले, अथवा मनगट दीर्घकाळ वाकलेले राहिले, की वाढलेला दाब त्या सर्वांत मऊ असलेल्या नसेवरच येऊन पडतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग एवढ्याच प्रदेशात मुंग्या येतात. करंगळी मात्र सहसा मोकळी राहते, कारण तिचा कारभार दुसऱ्या नसेकडे आहे. रुग्णाला हा तपशील विचारला नाही तर तो सांगत नाही. तो एवढेच म्हणतो की रात्री हात भरून येतो, बोटे बधिर होतात, झोपमोड होते, आणि उठून हात खाली सोडून झटकला की बरे वाटते. हे शेवटचे वाक्य ऐकणाऱ्याने फार काळजीपूर्वक ऐकावे, कारण हात झटकून आराम पडणे ही या व्याधीची जवळजवळ सहीशिक्क्यानिशी दिलेली ओळख आहे.

त्या रात्रीच्या वेदनेला ओळख मिळण्यास शास्त्राला बराच काळ लागला. इंग्लंडातील शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८५४ च्या सुमारास एका रुग्णाची नोंद केली आहे: मनगटाचे हाड मोडून वेडेवाकडे जुळल्यामुळे त्याची नस दाबली गेली होती, अंगठ्यावर व शेजारच्या दोन बोटांवर बरे न होणारे व्रण पडले होते, आणि जेव्हा मनगट अशा रीतीने बांधण्यात आले की नसेवरील दाब उतरावा, तेव्हाच ते व्रण भरून आले. या विकाराचा पहिला नमूद इलाज औषधाचाही नव्हता आणि शस्त्राचाही नव्हता, तो मनगटाच्या स्थितीचा होता, ही गोष्ट मला विलक्षण बोधप्रद वाटते. पुढे १८८० साली बॉस्टनच्या जेम्स पटनम यांनी रात्री हात बधिर होऊन जाग येणाऱ्या रुग्णांचा समूहच वर्णिला. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये प्येर मारी आणि शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनात दाबाची नेमकी जागा दाखवून दिली. आणि तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक शल्यविशारद हाताच्या बधिरतेचे मूळ मानेत शोधीत राहिले आणि मानेजवळच्या अतिरिक्त बरगड्या काढीत राहिले. अमेरिकेतील जॉर्ज फेलन यांनी १९५० नंतर सातत्याने केलेल्या लेखनामुळे हा विकार सामान्य वैद्यापर्यंत पोहोचला; मनगट मिनिटभर वाकवून धरल्यावर मुंग्या येतात की नाही हे पाहण्याची चाचणी आजही त्यांच्याच नावाने चालते.

मानेवर ठपका ठेवण्याची ती जुनी वहिवाट आपल्याकडे अद्याप संपलेली नाही. हाताला मुंग्या आल्या की मानेचा मणका, मग गळ्यात पट्टा, मग मानेला ताण, आणि या सर्व काळात मनगटाकडे कोणी पाहिलेलेच नाही, असा क्रम मी इतक्या घरांतून ऐकला आहे की त्याविषयी स्पष्ट बोलणे हे कर्तव्य ठरते. मानेच्या विकारानेही हात बधिर होतो, हे खरे. दोन्ही ठिकाणी दोष असू शकतो, हेही खरे. परंतु मनगट तपासण्यास पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही.

दाबाचे मोजमाप करण्याचे काम अमेरिकेतील गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली केले. निरोगी माणसाचे मनगट सरळ असताना बोगद्यातील दाब सरासरी पाऱ्याच्या २.५ मिलिमीटर भरला, रुग्णांत तो ३२ भरला. मनगट पूर्ण आत वाकविल्यावर रुग्णांत ९४, आणि मागे वळविल्यावर ११०. उपचाराचे अर्धे शास्त्र या चार आकड्यांत सामावलेले आहे. झोपेत आपण मनगट दुमडून उशाखाली घेतो, तेव्हा नसेचा रक्तपुरवठा तासन्‌तास कोंडला जातो. म्हणून रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा हा प्रत्येक अन्य उपचाराचा पाया आहे, आणि तो बांधल्यावाचून दिवसा कितीही शेक घेतला तरी दिवसाची कमाई रात्री खर्ची पडते. येथे एक व्यावहारिक सूचना करणे अवश्य आहे: बाजारात मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांतील धातूची पट्टी मनगट मागे झुकेल अशी वाकविलेली असते, ती बाहेर काढून, सरळ करून, पुन्हा बसवून घ्यावी.

आता शेकाकडे वळतो, कारण या पुस्तिकेचा मुख्य विषय तोच आहे आणि लोकांची श्रद्धाही त्याच्यावरच सर्वाधिक आहे. तव्यावर तापविलेल्या मिठाची वा वाळूची पुरचुंडी, एरंडाच्या पानाला तेल लावून केलेला बांध, बांधावरच्या निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्यात बुडविलेला हात, ही आपल्या घरांतील पिढीजात संपत्ती होय. या श्रद्धेमागे एक प्राचीन व्यवस्थित विचार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्ण स्वेदनाला वाहिलेला असून त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार आणि अग्नीवाचून होणाऱ्या स्वेदाचे दहा प्रकार सांगितले आहेत. आणि त्या दहांच्या आरंभी नाव आहे ते व्यायामाचे. शेक आणि व्यायाम हे दोन स्वतंत्र उपचार असून एक आळशासाठी व दुसरा उद्योग्यासाठी आहे, असा जो समज रूढ झाला आहे, त्याला आपल्याच परंपरेत आधार नाही. त्याच अध्यायात चरकाचार्यांनी असेही म्हटले आहे की वाळलेले लाकूडसुद्धा स्नेह आणि उष्णता दिल्यावर वाकविता येते, मग जिवंत देहाचे काय सांगावे. आणि या दृष्टान्तातील महत्त्वाचा भाग माझ्या मते शेवटचा आहे. लाकूड तापवून तसेच ठेवून दिले तर ते जसेच्या तसे थंड होते. तापवावयाचे असते ते वाकविण्याकरिता.

आधुनिक शरीरशास्त्र याच निष्कर्षाला निराळ्या मार्गाने येऊन पोहोचते. उष्णतेने त्या जागेचा रक्तप्रवाह वाढतो, वेदनेची जाणीव सौम्य होते, स्नायूंचा ताठरपणा उतरतो आणि कंडरांभोवतीच्या तंतुमय ऊतींची ताणली जाण्याची क्षमता काही काळ वाढते. नसेवर तर तापमानाचा प्रभाव इतका प्रत्यक्ष असतो की हात एका अंशाने थंड झाला की तिच्यातील संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरांनी मंदावतो. म्हणूनच नसेच्या वहनाची विद्युत्‌चाचणी करताना हात आधी ऊबदार करून घ्यावा लागतो, अन्यथा थंडीच्या सकाळी निरोगी माणूसही रोगी ठरावयाचा. परंतु हे सर्व परिणाम तात्पुरते आहेत. शेक थांबल्यावर थोड्याच वेळात हात आपल्या मूळ तापमानावर येतो. तो थोडा वेळ हेच त्या शेकाचे फळ, आणि त्या अवधीत हात हलविला नाही तर ते फळ न वेचताच वाया गेले असे समजावे.

भौतिकोपचाराच्या दालनातील उष्णतेची साधने अनेक आहेत, आणि त्यांपैकी हातासाठी सर्वांत अनुरूप मला मेणाचा शेक वाटतो. पॅराफिन मेणात खनिज तेल मिसळून त्याचा वितळण्याचा बिंदू खाली आणलेला असतो. ५२ ते ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रव राहणाऱ्या त्या मेणात हात बुडवून काढावयाचा, वरचा थर निवू द्यावयाचा, पुन्हा बुडवावयाचा, आणि असे आठदहा थर चढल्यावर हात प्लॅस्टिकमध्ये व टॉवेलात गुंडाळून पंधरावीस मिनिटे स्वस्थ ठेवावयाचा. तेवढ्याच अंशाचे पाणी हाताला सोसवणार नाही. मेण मात्र उष्णता सावकाश सोडते, आणि बोटांच्या पेरापेरांतून, अंगठ्याच्या बेचक्यातून सारखी ऊब देते, जी सपाट पिशवीने मिळत नाही. शिवाय मेण उतरल्यावर त्वचा मऊ आणि स्निग्ध झालेली असते व लगेच व्यायामाला आरंभ करता येतो. मात्र घरी मेणबत्त्या वितळवून हा प्रयोग करू नये, असे मी निक्षून सांगतो. मेणबत्तीचे मेण अधिक उष्णतेवर वितळते, उघड्या चुलीवर ते पेट घेते, आणि तापमापकावाचून अंदाजाने बुडविलेला हात भाजतो.

अन्य साधनांविषयी थोडक्यात. गरम पाण्यातून काढून टॉवेलात गुंडाळलेली शेकाची पिशवी मनगटापुरती चांगली. शॉर्टवेव्ह डायथर्मी ही २७.१२ मेगाहर्ट्‌झच्या विद्युत्‌लहरींनी ऊतींच्या खोलवर उष्णता उत्पन्न करते. हृदयात पेसमेकर बसविलेल्या, हातात धातूची पट्टी असलेल्या आणि गर्भवती रुग्णांना ती वर्ज्य आहे. अल्ट्रासाउंडची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १९९८ साली व्हिएन्ना येथे एबेनबिख्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही मनगटे बाधित असलेले ४५ रुग्ण घेऊन प्रत्येकाच्या एका मनगटावर खरा आणि दुसऱ्यावर लटका असे ध्वनिलहरींचे २० उपचार केले, आणि खऱ्या उपचाराचा लाभ सहा महिन्यांपर्यंत टिकलेला आढळला. पण हे उपचार खंडित लहरींचे होते, ज्यांत उष्णता जवळजवळ उत्पन्नच होत नाही. त्याच वर्षी तुर्कस्तानातून प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात अखंड, म्हणजे ऊब देणाऱ्या, लहरी वापरल्या होत्या, आणि त्या लटक्या उपचाराहून सरस ठरल्या नाहीत. त्यानंतर झालेल्या साक्षेपी समीक्षांनी उपलब्ध पुरावा तोकडा आणि दुर्बल असल्याचाच निर्वाळा दिला आहे. या सर्वांतून मी एवढेच घेतो, की केवळ उष्णतेने दबलेली नस सुटते असा दाखला कोठेही मिळत नाही, आणि यंत्राची किंमत व उपचाराचे मोल यांची गाठ घालू नये.

व्यायामाचे प्रयोजन याहून निराळे आहे. मनगट आणि बोटे हलू लागली की बोगद्यातील कंडरा आणि नस परस्परांना घासून काही मिलिमीटर पुढेमागे सरकतात; सूज आणि साकळलेला द्रव यांमुळे ही सरक कमी झालेली असते, ती पुन्हा मोकळी करणे, व त्या हालचालीबरोबर साचलेला द्रव परत फिरविणे, हा या व्यायामाचा हेतू. टॉटन आणि हंटर यांनी १९९१ मध्ये मांडलेला क्रम आज सर्वत्र प्रचलित आहे. कंडरांसाठी बोटे प्रथम सरळ, मग केवळ वरची दोन पेरे आकड्यासारखी दुमडलेली, मग पूर्ण मूठ, मग तळव्याशी काटकोन करून सरळ धरलेली बोटे, मग बोटांची टोके तळव्याच्या बुडाशी टेकलेली अशी सपाट मूठ. नसेसाठी मनगट सरळ ठेवून मूठ. मग बोटे उघडून सरळ. मग मनगट हळूच मागे. मग अंगठा बाहेर. मग तळहात वर वळविणे. आणि अखेरीस दुसऱ्या हाताने अंगठ्याला अगदी सौम्य ताण. प्रत्येक स्थितीत पाचसात सेकंद थांबावे, आणि दिवसातून तीनचार वेळा ही आवर्तने करावीत. ताणाची जाणीव झाली पाहिजे, मुंग्या वाढता कामा नयेत. मुंग्या वाढून व्यायामानंतरही टिकल्या तर ताण निम्म्याने कमी करावा. जोराने केलेला व्यायाम आधीच चिडलेल्या नसेला आणखी चिडवितो, आणि आमच्याकडील कष्टकरी माणसाला हळू करणे हेच सर्वांत अवघड जाते, कारण आयुष्यभर जोर हेच त्याचे भांडवल राहिलेले असते.

अमेरिकेतील रोझमारिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदीनुसार, नेहमीच्या उपचारांबरोबर हा सरकव्यायाम करणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, न करणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांवर. हा अभ्यास यादृच्छिक वाटणीचा नव्हता, आणि नंतरच्या समीक्षांनी व्यायामाच्या पुराव्यालाही मर्यादित असेच म्हटले आहे, हे वाचकापासून लपविण्याचे कारण नाही. त्याच वर्षी अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात मॅरियन गार्फिंकेल यांचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याचा उगम तर आपल्या पुण्यातच आहे. १९३७ मध्ये पुण्यास येऊन स्थायिक झालेल्या आणि १९७५ मध्ये शिवाजीनगर भागात आपली योगसंस्था उघडणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची अकरा आसने, आठवडे आठ, आठवड्यातून दोन वेळा, अशी ती योजना होती. मनगट, खांदे आणि पाठ यांची ठेवण सुधारण्यावर तिचा भर होता. आसने करणाऱ्यांची पकड बळावली आणि वेदना उणावली, पण नसेच्या विद्युत्‌वहनात लक्षणीय बदल झाला नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो, आणि तो वाचताना रुग्णाने दोन्ही अर्ध्या भागांना सारखाच मान द्यावा: दुखणे कमी होणे ही मोठी गोष्ट आहे, आणि दुखणे कमी होणे म्हणजे नस सुटणे नव्हे.

येथेच शेकाचा धोका दडलेला आहे, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचे खरे कारणही. शेकाने बरे वाटते. बरे वाटते म्हणून मनुष्य महिनोन्‌महिने शेकत राहतो. आणि या अवधीत, दाब तसाच राहिला तर, मुंग्यांची जागा अखंड बधिरता घेते, वेदना उलट कमी होते, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा हळूहळू सपाट होऊ लागतो. वेदना गेली म्हणून घरची मंडळी संतोष मानतात, आणि शर्टाचे बोताम लागेनासे झाले, धार काढताना सड हातातून निसटू लागला, परातीतले पीठ मळवेना, म्हणजे मग पुण्याची वाट धरतात. त्या वेळी शस्त्रक्रिया केली तरी गेलेला स्नायू पूर्ण परत येईलच असे कोणी सांगू शकत नाही.

दुसरा धोका तत्काळ घडणारा आहे. ज्या बोटांना शेकाची ओढ सर्वांत अधिक, त्याच बोटांना उष्णतेचे माप कळेनासे झालेले असते. बधिर तर्जनीला चटका जाणवत नाही, आणि फोड आल्यावरच कळते की पुरचुंडी फार तापली होती. मधुमेह असेल तर तो फोड भरण्यास आठवडे लागतात. पाणी दुसऱ्या हाताने पाहावे असे सर्रास सांगितले जाते, पण हा विकार वारंवार दोन्ही हातांना असतो, म्हणून दुसरा हातही विश्वासाचा साक्षीदार नव्हे. कोपराने पाहावे, किंवा घरातील निरोगी माणसाकडून पाहून घ्यावे, आणि तापमापक असेल तर पाणी ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. तापविलेली वीट, मीठ आणि वाळू बधिर हाताला मुळीच लावू नयेत. बिब्बा घालणे आणि मनगटावर डाग देणे हे प्रकार तर शेकाच्या नावाखाली केलेली इजाच होत, आणि त्यांचे व्रण मी आजही पाहतो. सांधे लाल होऊन सुजलेले असताना, जखम वा पू असताना, शेक देऊ नये, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

घरच्या उपचारावर मी इतका भर का देतो, असा प्रश्न शहरातील वाचकाला पडेल. शिरूरहून पुणे सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे आणि दौंडाहून त्याहून काहीसे अधिक. दहा-पंधरा दिवसांच्या उपचारासाठी रोज ये-जा करणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी, गाडीभाडे आणि गोठ्यातील जनावरांची तजवीज. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि या विद्येने आपल्या प्रांतात मूळ धरले. तेव्हापासून ती शहरांत पुष्कळ विस्तारली, पण ज्यांच्या हातांना तिची सर्वाधिक गरज, त्यांच्या वाडीवस्तीपर्यंत ती अद्याप नियमाने गेलेली नाही. म्हणून एक-दोन वेळा तज्ज्ञाकडून नीट शिकून घेऊन, पुढील सहा आठवडे घरीच, घंगाळात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन, त्यात मनगट बुडवून दहा-पंधरा मिनिटे बोटांची आवर्तने करावीत, पाण्याबाहेर काढून हात पुसून नसेचे व्यायाम करावेत, आणि रात्री पट्टा बांधून निजावे, असा शिरस्ता पुस्तिकेत सांगितला आहे. पहाटेची धार आणि कांद्याची काटणी यांच्या आधी हा क्रम एकदा झाला तर हिवाळ्यात विशेष लाभ होतो. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर चुलवाणापुढे राबणारे काही जण विचारतात, की आम्ही तर दिवसभर आगीजवळच असतो, मग आमचे हात का बधिरतात? उत्तर असे की त्यांच्या हातांना ऊब मिळते ती मूठ आवळलेली असताना, आणि मूठ आवळलेली असताना बोगद्यातील दाब चढत असतो. ऊब आणि मोकळी हालचाल एकत्र आली पाहिजे.

कामात फेरफार करता येतो तेथे तो केलाच पाहिजे. विळ्याची व कोयत्याची मूठ कापड गुंडाळून जाड केली की पकडीचा जोर कमी लागतो. धार काढताना अंगठा दुमडून दाबण्याऐवजी पूर्ण तळव्याने दाबावे आणि घरातील दोघांनी वाटून घ्यावे. कारखान्यात कामाची जागा दर दोन तासांनी बदलून मिळावी, अशी मागणी कामगारांनी निःसंकोच करावी. त्याचबरोबर रक्तातील साखर आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी, कारण हे दोन्ही विकार या व्याधीचे वारंवार आढळणारे सोबती आहेत, आणि मूळ विकार मोकाट असताना मनगटावरचा इलाज टिकत नाही. गर्भवती स्त्रियांना शेवटच्या महिन्यांत होणारा त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. त्यांना पट्टा आणि सौम्य व्यायाम पुरे.

सहा आठवड्यांची ही मुदत मी हेतुपुरस्सर घातली आहे. तेवढ्या काळात रात्रीची झोप सुधारली नाही, अथवा आरंभापासूनच बधिरता अखंड असेल, अथवा अंगठ्याचा उंचवटा एका हाताचा दुसऱ्यापेक्षा उतरलेला दिसत असेल, तर शेक आणि व्यायाम बाजूला ठेवून नसेची विद्युत्‌चाचणी आणि शल्यविशारदाचा सल्ला, हाच मार्ग. नेदरलँड्‌समधील २००२ च्या यादृच्छिक अभ्यासात दीड वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९० टक्के आणि पट्टा बांधलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण बरे असल्याचे आढळले. म्हणजे पट्टा निष्फळ नाही, आणि शस्त्रक्रिया भयावहही नाही. तीत तो आडवा बंध उघडून दाब उतरविला जातो, बहुधा केवळ हात बधिर करून, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. बोटांची हालचाल पहिल्या दिवसापासून करावयाची असते. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर, तळहाताच्या व्रणाचा ताठरपणा उतरविण्यासाठी मेणाचा शेक पुन्हा उपयोगी पडतो, आणि कांद्याच्या वा उसाच्या कामावर परतण्यापूर्वी पकडीचे बळ टप्प्याटप्प्याने कसे वाढवावे, याचा तपशील शेवटच्या प्रकरणात दिला आहे.